हॅकिंटॉश झोपतच नाही!

प्रश्न: मंडळी, ओपनकोअर (अॅपलच्या नसलेल्या पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर) टाकून स्वतः जुळवलेल्या पीसीवर मॅकओएस चालवतोय, म्हणजेच हॅकिंटॉश. स्लीप दिलं की पंखा थांबतो आणि पाच सेकंदांत पुन्हा घुर्रर्र! माउस, कीबोर्ड काढून पाहिले, तरी तेच.

उत्तर १: यूएसबी मॅपिंग, म्हणजे कोणते पोर्ट वापरायचे नि ते कोणत्या प्रकारचे हे मॅकओएसला सांगणं, केलंय का? मॅकओएसमध्ये एका कंट्रोलरला १५ पोर्टांचीच मर्यादा आहे, आणि यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट खातं.

प्रश्नकर्ता: केलंय हो, १४ भरलेत.

उत्तर २: मग ब्लूटूथचा पोर्ट बघा. मदरबोर्डवरच्या आतल्या हेडरला (जोडणीच्या पिनांना) लावलेल्या पोर्टचा प्रकार मॅपिंगमध्ये २५५, म्हणजे इंटर्नल हवा. माझ्याकडे ३, म्हणजे बाहेरचा यूएसबी ३, पडला होता. दोन रविवार डोकं फोडलं.

प्रश्नकर्ता: इथेही ३ च! बदलला, रीस्टार्ट केला. स्लीप देऊन अर्धा तास झाला, झोपलाय तो ढिम्म हलत नाहीये. आता कीबोर्ड दाबला तरी उठेना, पॉवर बटणच लागतं. पण ते उद्या.