दिवाळीची मदत मोहीम: शाळेतल्या बेघर मुलांसाठी

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

यंदा आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला समाजकार्याची जोड द्यायचं ठरलं आहे. इथे अमेरिकेतही आपल्या भागातल्या शाळांमध्ये बेघर मुलं शिकतात, त्यांच्यासाठी डाळ, तांदूळ, पीठ आणि ब्लँकेटं गोळा करू. हॉलच्या दाराशी खोकी ठेवलेली असतील. दहा मुलांना पालकांसह बोलावून मध्यंतराआधी स्टेजवर भेटवस्तू द्याव्यात आणि फोटो स्थानिक पेपरला पाठवावेत असा विचार आहे. सूचना शुक्रवारपर्यंत कळवा.

—

प्रेषक: मराठी शाळेची शिक्षिका
सोमवार, रात्री ११:३५

सचिवदादा,

हा विषय मंडळात निघाला याचा फार आनंद झाला. पण मुलांना स्टेजवर बोलावू नका, हात जोडून सांगते.

रविवारी मी आपल्या मुलांना मराठी शिकवते. आठवड्यातले पाच दिवस इथल्या एका मिडल स्कूलच्या ऑफिसात नावनोंदणीचं काम करते, या जूनमध्ये अकरा वर्षं झाली. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फूटपाथवर झोपलेला माणूस येतो. माझ्या टेबलासमोर येणारी मुलं तशी दिसत नाहीत. कुणी मोटेलच्या खोलीत राहतं, कुणी गाडीत, आणि बहुतेक जण कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये नाहीतर सोफ्यावर. १९८७ चा मॅककिनी-व्हेंटो कायदा या सगळ्यांना बेघर विद्यार्थी मानतो. या व्याख्येप्रमाणे २०२२-२३ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांनी १३ लाखांहून जास्त मुलं मोजली. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश दुसऱ्यांच्या घरात आसऱ्याला होती.

एक मुलगा सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. सातवीतला. रोज पावणेआठला ऑफिसात यायचा, लॅपटॉप चार्जिंगला लावायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. अंगात एकच काळा हुडी. गुरुवारपर्यंत त्याला वास यायला लागायचा. तो वर्गात मागच्या कोपऱ्यात बसायला लागला, मग जिमला जाईना, मग शाळेलाच दांड्या. आई मोटेलच्या टबमध्ये कपडे धुवायची, ते रात्रीत वाळायचे नाहीत. शाळेत संघाचे गणवेश धुवायचं मशीन आहे. जिमच्या शिक्षकांनी ते सकाळी अर्धा तास त्याच्यासाठी मोकळं ठेवलं. पहिल्या दिवशी तो मशीनच्या काचेच्या दारासमोर हाताची घडी घालून शेवटपर्यंत उभा होता. दुसऱ्या आठवड्यापासून दांड्या थांबल्या.

त्या मुलाला शंभर लोकांसमोर स्टेजवर उभं केलं असतं तर तो परत शाळेत आला नसता. आणि मूल कुठे राहतं ही माहिती कायद्याने गोपनीय असते. मी नावं देऊच शकत नाही, माझी वरिष्ठही देणार नाही.

डाळ-तांदळाचंही सांगते. मागे कुणीतरी प्रेमाने वीस पौंडांचं तांदळाचं पोतं आणून दिलं. ते ज्या आईला दिलं तिने आभार मानले आणि पोतं आमच्याकडेच ठेवून गेली. मोटेलच्या खोलीत शेगडी नसते, फार तर मायक्रोवेव्ह. टिनच्या डब्याला कडी नसेल तर उघडणार कशाने? शुक्रवारी दुपारी दप्तरात मावेल एवढी पिशवी द्यावी लागते, कारण शनिवार-रविवार शाळेचं जेवण नसतं.

—

प्रेषक: एक आजीव सभासद
मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, तुमच्या भावना पोचल्या. माझ्या मनातल्या दोन शंका स्पष्ट विचारतो. एक, शाळेला यासाठी सरकारी पैसा मिळतो, आपणही कर भरतो; मग मंडळाने कशासाठी? दुसरं, कुणाच्या घरी राहणं म्हणजे बेघर कसं? ७४ साली आम्ही इथे आलो तेव्हा चौघं एका खोलीत राहत होतो. स्वतःला बेघर कधी म्हटलं नाही.

—

प्रेषक: मराठी शाळेची शिक्षिका
मंगळवार, दुपारी १:२०

काका, तुम्ही चौघांनी ठरवून खोली घेतली होती, भाडं तुमच्या नावावर होतं. कायदाही तोच फरक करतो. घर गेलं किंवा पैसा संपला म्हणून नाइलाजाने दुसऱ्याच्या दारात आलेलं कुटुंब यात धरलं जातं. घरमालकाने "या महिन्यापर्यंतच" म्हटलं की निघावं लागतं. मुलं रात्री पावलं न वाजवता चालायला शिकतात.

पैशाचं म्हणाल तर केंद्राचा निधी येतो, पण आमच्याकडे त्यातला मोठा वाटा प्रवासावरच जातो. मूल दुसऱ्या गावात आसऱ्याला गेलं तरी त्याला जुन्या शाळेत राहायचा हक्क आहे आणि ने-आणीची सोय करावी लागते. तो खर्च झालाच पाहिजे, मित्र आणि शिक्षक तेवढेच तर उरलेले असतात. पण मग मोजे, चष्मा, सहलीची फी, लाँड्रोमॅटची (नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाची) नाणी यांना पैसे राहत नाहीत.

—

प्रेषक: मॉडरेटर
(नाव न देण्याच्या विनंतीवरून पुढे पाठवत आहे)
मंगळवार, रात्री १०:५०

मी मंडळाच्या या ईमेल यादीवर सहा वर्षं आहे, कधी लिहिलं नाही. आजच्या मेल वाचून झोप येईना.

मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून होते, कामाचा परवाना नव्हता. घरात राहणं शक्य राहिलं नाही तेव्हा मुलीला घेऊन एका मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये गेले. चार महिने राहिलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी त्या काळात गणपतीत भेटले आहे, साडी नेसून, हसत. मुलीने आरतीही म्हटली होती.

मला सगळ्यात जास्त भीती शाळेची वाटत होती. पत्ता बदलला तर नाव काढतील, व्हिसा विचारतील. मी स्वतःच मुलीचं नाव काढून टाकणार होते. त्या ऑफिसातल्या बाईंनी एका बाजूला नेऊन विचारलं, "रात्री झोपायला जागा आहे ना?" मग लिएझनकडे, म्हणजे बेघर मुलांचं काम पाहणाऱ्या व्यक्तीकडे पाठवलं. शाळांच्या प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये अशी एक व्यक्ती नेमलेली असतेच, हे मला माहीत नव्हतं. कागदपत्रं नसतील तरी मुलाला लगेच वर्गात बसवावं लागतं हेही माहीत नव्हतं. व्हिसा कुणी विचारला नाही. नंतर कळलं की १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, इमिग्रेशन स्टेटसमुळे मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवसापासून एक व्हॅन सकाळी साडेसहाला बेसमेंटच्या दाराशी यायला लागली.

मंडळाने काही करायचं असेल तर एवढंच करा. लिएझन म्हणजे कोण, हे मराठीत चार ओळीत लिहून दर कार्यक्रमाच्या वेळी बायकांच्या स्वच्छतागृहात लावा. तिथे एकटीने वाचता येतं.

—

प्रेषक: एक आजीव सभासद
बुधवार, सकाळी ६:४०

काल लिहिलेलं मागे घेतो.

त्या पत्राने मला पुण्याला नेलं. अकरावीपर्यंत मी वार लावून जेवलो. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार. आईला गावाहून पाठवण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारच्या घरी अन्न उत्तम असे, तूपसुद्धा. पण पान ओटीवर मांडत आणि आल्यागेल्याला "हा आमचा वाराचा मुलगा" म्हणून दाखवत. गुरुवारच्या घरी आमटी पातळ असायची. पण काकू माझं पान त्यांच्या मुलाच्या शेजारी मांडायच्या आणि वाढताना आधी कोण, नंतर कोण असं कधी झालं नाही. मंगळवारी मी पुष्कळदा पोट दुखतं म्हणून गेलो नाही. हे मी आजवर माझ्या मुलांनाही सांगितलेलं नाही.

स्टेज रद्द करा. लाँड्रोमॅटच्या नाण्यांचे पहिले दोनशे डॉलर माझे. आणखी एक, मी निवृत्त आहे आणि दोन नातवंडांचे कॉलेजचे फॉर्म भरलेत. ताई, इथल्या हायस्कूलमध्ये आईवडिलांशिवाय राहणारी मुलं असतील, तर त्यांच्या मदतीच्या अर्जाचं काय होतं? पालकांची सही कोण करतं?

—

प्रेषक: मराठी शाळेची शिक्षिका
बुधवार, दुपारी १२:१५

काका, तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि थोडा वेळ दार लावून बसले.

अशा मुलांना फाफ्सामध्ये (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) स्वतंत्र विद्यार्थी धरतात, पालकांची सही किंवा उत्पन्न लागत नाही. लिएझनचं पत्र असलं की झालं. पण हे मुलांना माहीत नसतं, आणि "पालकांची माहिती" हा रकाना आला की ती लॅपटॉप मिटतात. शेजारी बसून फॉर्म भरून घेणारं कुणीतरी हवं. शाळेच्या नियमाप्रमाणे तुमची पार्श्वभूमी तपासणी होईल, बोटांचे ठसे द्यावे लागतील, दोनेक आठवडे जातात. चालेल ना?

—

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
गुरुवार, रात्री ८:३०

मंडळी,

मूळ मेलमधली योजना रद्द समजावी. माझ्या डोक्यात फोटो आधी आला होता, त्याबद्दल वाईट वाटतं. आज लिएझनबाईंशी बोललो. त्यांनी सांगितलेल्या वस्तू: नवे मोजे आणि अंतर्वस्त्रं (वापरलेली अजिबात नकोत), सॅनिटरी पॅड, कडी असलेले टिन, मायक्रोवेव्हमध्ये होणारं जेवण, फोनचे चार्जर, पेट्रोलची गिफ्ट कार्डं आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांची रोल. सगळं त्यांच्या ऑफिसात मागच्या दाराने पोचवायचं. त्यावर मंडळाचं नाव किंवा स्टिकर नसेल. कुणाला काय मिळालं हे आपल्याला कळणार नाही.

स्वच्छतागृहातला मजकूर ताईंनी लिहिलाय, लिएझनच्या कार्यालयाचा फोन त्यात आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला सकाळी दहाला हॉल उघडतो. लॅमिनेट केलेल्या सहा प्रती माझ्याकडे आहेत. चिकटवायला कुणीतरी वहिनी लवकर याल का?