मदत हवी आहे: ८ इंची डॉबसोनियन दुर्बिणीसाठी वाइड अँगल आयपीस (डोळा लावायचं भिंग) कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी धारणी तालुक्यातला, मेळघाटच्या कडेला आमचं गाव. अवसेच्या रात्री शेतातून आकाशगंगा अशी दिसते की दुर्बीण लावायच्या आधीच पोट्टे गप्प होतात. एवढं अंधारं आकाश मिळालंय, म्हणून ते नीट दाखवायची तळमळ आहे.

दुर्बीण ८ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ १२०० मिमी, एफ/६ (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या सहापट). सोबत आलेला २५ मिमीचा प्लॉसल (साधा आयपीस) ४८ पट मोठं दाखवतो, पण आकाश जेमतेम एक अंश. कृत्तिका त्यात मावत नाहीत. शिवाय दुर्बीण हातानं फिरवायची. मधोमध आणलेला तारा दोन-सव्वादोन मिनिटांत कडेला पोहोचतो. रांगेतल्या तिसऱ्या-चौथ्या मुलाला रिकामं आकाशच दिसतं, आणि मला फार वाईट वाटतं.

दोन पर्याय डोक्यात आहेत. २४ मिमी, ६८ अंशांचा (डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी), सव्वा इंची (दुर्बिणीत बसणाऱ्या टोकाचा व्यास): प्रत्यक्षात सव्वा अंशाच्या आसपास आकाश. किंवा ३० मिमी, ८२ अंशांचा दोन इंची: सुमारे दोन अंश, म्हणजे कृत्तिका पूर्ण. मन दुसऱ्याकडेच ओढतं. पण तो वजनदार, नळीचं तोंड खाली झुकेल का? तुम्ही मागं वजन कसं लावलं? त्याचा एक्झिट प्युपिल (आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी) ५ मिमी येतो. बाबा ६८ वर्षांचे, वयानं बाहुली तेवढी उघडत नसेल तर त्यांच्यासाठी उजेड वाया जाईल ना? त्यांना चष्म्यासकट बघायचं असतं, तेव्हा आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर) किती हवा?

एफ/६ वर कडेचे तारे कितपत टोकदार राहतात, हे प्रत्यक्ष वापरलेल्यांनी जरूर सांगा. कापूस विकला की लगेच घ्यायचा आहे.