हीट शॉक जीन्स एकत्र चढतात, पण सारखी का नाही?

ऐरोलीकर: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) ४२ अंशांवर १ तास, मग क्यूपीसीआर (आरएनएची डीएनए-प्रत करून, ती वाढवत मोजणं). एचएसपीए१ए या हीट शॉक (उष्णतेने जोर धरणाऱ्या) जीनचा सीटी (सिग्नल दिसतो ती सायकल; आकडा कमी म्हणजे आरएनए जास्त) कंट्रोलला, म्हणजे न तापवलेल्या पेशींत, २४, उष्णतेनंतर २१. आरटी (आरएनएची डीएनए-प्रत करणारं एन्झाइम) न घातलेल्या नळीत दोन्हीकडे २५. डीएनएजेबी१ हे दुसरं हीट शॉक जीन जेमतेम दुप्पट, त्याची आरटीविना नळी कोरी. एक जीन ६ व्या गुणसूत्रावर, दुसरं १९ व्या. जिवाणूंसारखा ओपेरॉन (एकाच स्विचवर चालणारी शेजारशेजारची जीन्स) नसताना एकत्र चढतात कशी, आणि चढतात तर सारखी का नाहीत? ट्रायझॉलमधले (आरएनए काढायच्या द्रावणातले) नमुने ठाण्याहून येतात, त्याने फरक पडतो का?

खारघर_बेंच: एकत्र आणतो तो एचएसएफ१, जीन्स चालू करणारं प्रथिन. एरवी चॅपरोन (इतर प्रथिनांची घडी सांभाळणारी प्रथिनं) त्याला धरून असतात. उष्णतेने प्रथिनं उलगडली की चॅपरोन तिकडे गुंततात, एचएसएफ१ सुटतो, तीन-तीन रेणू जुळतात आणि प्रमोटरमधल्या (जीनच्या सुरुवातीच्या स्विचमधल्या) जीएए-टीटीसी या डीएनए-अक्षरांच्या आलटून-पालटून येणाऱ्या तुकड्यांवर बसतात. असे तुकडे जिथे जिथे, ती जीन्स चालू, गुणसूत्र कुठलंही असो. ते किती, किती नीट जुळलेले आणि तिथलं क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) किती मोकळं, यावर जोर ठरतो. बरोबरीची अपेक्षाच चुकीची.

नेरूळ४२: आधी तो २५ बघा! एचएसपीए१एला इंट्रॉन (आरएनएमधून कापून टाकला जाणारा मधला तुकडा) नाही, त्यामुळे जीनोमिक डीएनए आरएनएसारखाच वाढतो. दर सायकलला प्रमाण दुप्पट होतं, म्हणून २५ म्हणजे १ एकक धरलं तर २४ म्हणजे २, २१ म्हणजे १६. डीएनएचं १ वजा करा: १ आणि १५. म्हणजे दिसते ८ पट, खरी वाढ १५ पट (कार्यक्षमता १०० टक्के धरून). दर मायक्रोग्रॅम आरएनएला १ युनिट डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम), ३७ अंश, ३० मिनिटं. मग ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) घालूनच ६५ अंशांवर १० मिनिटं. ईडीटीएविना तापवलंत तर मॅग्नेशियम आरएनएच तोडतं. आरटीविना नळी किमान ७ सायकल मागे हवी, तेव्हा डीएनएचा वाटा १ टक्क्याच्या आत येतो.

खारघर_बेंच: डीएनएजेबी१ला इंट्रॉन आहेत, आणि तीव्र उष्णतेत स्प्लायसिंग (ते कापून उरलेले तुकडे जोडणं) अडखळतं. प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्या जोडावरचे असतील तर तयार आरएनए उशिरा दिसेल. ३७ अंशांवर परत आणून ०, १, २, ४ तासांचे नमुने घ्या. इन्क्यूबेटरच्या हवेत प्लेट हळू तापते, त्यापेक्षा पॅराफिल्मने बंद करून वॉटर बाथमध्ये ठेवा. रेफरन्स जीन्स (तुलनेसाठी, उष्णतेने न बदलणारी) निदान दोन. ट्रायझॉलमध्ये आरएनए खोलीच्या तापमानाला काही तास टिकतो, त्यामुळे ठाण्याच्या अंतराची काळजी नको. पण त्यात फिनॉल आहे, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ती पिशवी नेऊ नका.