मदत हवी आहे: फोटोग्राफरला बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही संभाजीनगरचे काही लँडस्केपवाले, म्हणजे निसर्गदृश्यांचे फोटो काढणारे, एकमेकांच्या गप्पा रेकॉर्ड करतोय. अडचण अशी की गाडी फिरून फिरून लेन्स आणि फिल्टरवरच येते.

परवा एकाचा नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचा फोटो समोर ठेवला. बोरी नदी भरून वाहतेय, बंधाऱ्याचा दगड भिजून काळाकुळकुळीत, पाणी दुधासारखं. "एनडी फिल्टर, शटर 2 सेकंद," एवढं सांगून गडी गप्प! (म्हणजे लेन्सवर प्रकाश कमी करणारी काच लावून शटर 2 सेकंद उघडं ठेवलं, त्यानं वाहतं पाणी मऊ दिसतं.) अहो, पण तिथं उभं राहिलं की पाण्याचा दणका छातीत बसतो, तो मऊ कशाला करायचा? 1/1000 सेकंदाच्या शटरला तुषार का नाही गोठवले? उत्तर काय, तर "असंच चांगलं दिसतं."

मला खरं तर उन्हाळ्यातल्या मराठवाड्यावर बोलायचंय. नांगरलेली ढेकळं, एखादी बाभळ, पांढरंफटक आभाळ. पावसाळा सोडून कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, हे मला पटत नाही.

तर सांगा, कोणता प्रश्न विचारला की माणूस खुलतो? फसलेल्या फ्रेम आणायला सांगाव्यात का? की रेकॉर्डिंग थेट रानातच करावं? वाऱ्याच्या आवाजाचं काय करता, तेही सांगा.