पाच वर्षांखालचं मूल आणि कोकणातला गणपती

"दोन वर्षांच्या मुलाला घेऊन गणपतीत कोकणात जाऊच नका, हाल होतात" असं काहीजण सांगतात, ते मत मला पटलं नाही. हाल होतात ते रात्रभर मूल मांडीवर घेऊन बसावं लागतं म्हणून. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही हे बरोबर, पण मग त्याला बर्थही मिळत नाही. पूर्ण भाडं भरलं तर मात्र त्याच्या नावावर वेगळा बर्थ घेता येतो. २०२२ मध्ये रेल्वेनेच तसा खुलासा केला होता. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा प्रवासाच्या दिवसापासून मागे मोजून तारीख आत्ताच लिहून ठेवा. गेल्या वर्षी आम्ही लेकीसाठी असा बर्थ घेतला. पनवेल सुटल्यावर झोपली ती थेट कणकवलीला उठली.

आम्हाला खरा त्रास झाला तो आरतीला. झांजा सुरू झाल्या आणि ती किंचाळून रडायला लागली, अंग थरथरत होतं. सगळे म्हणाले, होईल सवय. माझ्या सासूबाईंनी मात्र तिला उचलून मागच्या पडवीत नेलं आणि दुर्वा निवडायला बसवलं. दुसऱ्या दिवशीही तिथूनच ऐकू दिलं, तिसऱ्या दिवशी दारापर्यंत आणलं. पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या आरतीला, ती आजीच्या कडेवर बसून टाळ्या वाजवत होती. लहान मुलाला पहिल्याच दिवशी झांजांच्या शेजारी उभं करू नका, एवढं कळकळीने सांगते.