आजीचा वाडा (फक्त घरचे): वहिनी तंबूत?

सुनीता आत्या: अभय, शरयूवहिनी तंबूत झोपणार हे खरं का? मला रेवाकडून कळतंय. मला कोण सांगणार म्हणा. असो.

अभय: खरं आहे आत्या. दोन रात्री, व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट, न्यू हॅम्पशर. तंबू सहा जणांचा आहे. आईसाठी हवा भरायची गादी घेतली.

सुनीता आत्या: ऑक्टोबरात? सत्तरीची बाई, कमरेला पट्टा. थंडी किती?

मुग्धा वहिनी: रात्री ४-५ डिग्री होईल आत्या. आईंना थर्मल दिलेत, स्लीपिंग बॅग जाड आहे.

शिरीष काका: कँकामागस हायवेवर लिंकन ते कॉनवे सुमारे ५५ कि.मी. एकही पेट्रोल पंप नाही. लिंकनला टाकी फुल करणे. – शिरीष

रेवा: आणि बाथरूम दादा? खरं सांग हं 😄

अभय: आंघोळीची सोय नाही. संडास खड्ड्याचा आहे, फ्लश नाही, पण स्वच्छ असतो.

सुनीता आत्या: म्हणजे दोन दिवस पारोशी!!

विकास काका: शुभ प्रभात 🌹 आजचा सुविचार खाली पाठवतो

रेवा: काका, आत्ता नको ना

केतन (न्यू जर्सी): मस्त. एन्जॉय करा. आम्हाला वहिनीच्या स्टेटसवरून कळलं. न्यू जर्सी बहुतेक अमेरिकेत धरत नाहीत.

मुग्धा वहिनी: केतन भावजी, ऑगस्टमध्ये याच ग्रुपवर तारखा टाकल्या होत्या. तुमचा नुसता अंगठा आला. तो 'येतो'चा की 'वाचलं'चा, आम्ही काय समजायचं?

केतन: अंगठा म्हणजे हो असतो वहिनी.

मुग्धा वहिनी: गणपतीच्या हिशोबालाही अंगठाच आला होता 🙏

अभय: मुग्धा, जाऊ दे.

शिरीष काका: गणपतीचं नंतर बघा. कँकामागसवर पंप नाही. आम्ही २०११ ला गेलो तेव्हा काटा लालमध्ये होता, बायको अजून बोलते. लिंकनला टाकी फुल. – शिरीष

नाना: मी बोलून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. सुनीता, हे नॅशनल पार्क नाही, नॅशनल फॉरेस्ट आहे. फरक आहे. हे तिकडच्या शेतकी खात्याखाली येतं. इथे अजून लाकूड तोडतात, परवाना काढून शिकारही करतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाकूड कंपन्यांनी हे डोंगर बोडके केले होते. मागे उरलेल्या फांद्यांना वणवे लागायचे आणि खाली नद्यांना पूर. मग १९११ साली कायदा करून सरकारने जमीन खासगी मालकांकडून विकत घ्यायला सुरुवात केली, १९१८ ला हे जंगल जाहीर झालं. आज जी झाडी बघायला लोक रांगा लावतात ती बहुतेक त्यानंतर वाढलेली. पाटबंधाऱ्यात असताना मी हेच सांगत होतो, वर झाड नाही तर खाली धरण गाळाने भरणार. ऐकलं कोणी?

रेवा: नाना फॉर्ममध्ये

सुनीता आत्या: शिकार म्हणजे जनावरं आहेत. अस्वलं?

अभय: काळी अस्वलं आहेत. माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, वासाला येतात. खाणं, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही. सगळं गाडीत, काचा बंद.

सुनीता आत्या: मी दिलेले डिंकाचे लाडू??

नाना: अस्वलाची चिंता नको. ते संपले.

रेवा: 🐻 = नाना

विकास काका: डोंगर किती उंच आहे?

नाना: माउंट वॉशिंग्टन १९१७ मीटर. आपली कळसूबाई १६४६. उंचीत फार नाही, पण वारा भयंकर. एप्रिल १९३४ मध्ये तिथे ताशी ३७२ कि.मी. मोजला होता.

सुनीता आत्या: आणि तिथे वहिनीला नेणार!!

अभय: आत्या, तंबू खाली नदीकाठी आहे. शिखरावर फक्त गाडीने, तेही हवा चांगली असेल तर. तो रस्ता खासगी आहे, वेगळं तिकीट पडतं. चालायचं म्हणजे सॅबडे फॉल्स, एका बाजूने अर्धा मैलसुद्धा नाही, नानांच्या गुडघ्याला जमेल. पार्किंगचे ५ डॉलर.

केतन: ५ डॉलरचा पण अंगठा देऊ का?

मुग्धा वहिनी: 🙂

केतन: शिखराच्या रस्त्याचं स्टिकर आमच्या गाडीवर २०१९ पासून आहे. उतरताना गिअर लो ठेव दादा, ब्रेक तापतात. सांगून ठेवतो, बोलावलं नसलं तरी.

अभय: थँक्स रे. खरंच. पुढच्या वेळी फोनच करतो.

शिरीष काका: गिअर ठीक आहे. पेट्रोल?

अभय: भरतो काका!! निघतोय. पुढे रेंज नसेल, काळजी करू नका.

सुनीता आत्या: रेंज नाही???

सुनीता आत्या: अभय

सुनीता आत्या: मुग्धा, पोचलात का

सुनीता आत्या: कोणीतरी फोन लावा

केतन: आत्या, इकडे रात्रीचे दोन वाजलेत. झोपले असतील.

शिरीष काका: पंप नाही त्या रस्त्यावर. मी आधीच म्हणालो होतो. – शिरीष

विकास काका: शुभ प्रभात 🌹

आई: रेंज आली. कॉनवेला चहा घेतोय. सुनीता, तंबू मीच मागितला होता, अभय हॉटेल बघत होता. चाळीस वर्षं हे दौऱ्यावर जंगलात राहायचे आणि मी घरी डबे भरायचे. रात्री थंडी होती. पहाटे नदीचा आवाज, आणि झाडं अशी लाल की फोटोत येत नाही. ह्यांनी रात्रभर घोरून अस्वलं लांब ठेवली.

आई: केतन, तुझ्यासाठी मेपल सिरप घेते. पत्ता पाठव, अंगठा नको.

केतन: 😄 पाठवतो काकू

शिरीष काका: पेट्रोल किती उरलं?

आई: सुनीता, मंगळवारपासून विचारतेय. आमच्या बाल्कनीतल्या झाडांना पाणी घातलंस का?

सुनीता आत्या: हा मेसेज डिलीट केला आहे