ऑगस्टअखेर अ‍ॅडिरॉन्डॅक्समध्ये ब्रुक ट्राउट लागेल का?

मालवणी_जर्सीकर
नमस्कार मंडळी, लेबर डेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोन फॅमिली मिळून न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत, सॅरनॅक लेकच्या बाजूला कॅम्पिंगला चाललोय, कनू (वल्ह्याची अरुंद हलकी होडी) भाड्याने घेणार. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो त्यामुळे गळाची सवय आहे पण डोंगरातल्या तळ्याचं प्रकरण नवीन. मला ब्रुक ट्राउटच पाहिजे, तिथला मूळचा मासा म्हणून. ऑफिसातला एकजण म्हणतो जूनमध्ये जायला हवं होतं, आता काही मिळायचं नाही. खरंय का? कुठे बघायचं आणि काय लावायचं?

थंड_पाणी
दादा मिळतो, पण काठावरून गळ टाकून बसलात तर नाही मिळणार. या माशाला थंड पाणी लागतं, २० डिग्री सेल्सियसच्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो आणि ऑगस्टच्या शेवटी तळ्याचा वरचा थर त्याच्याही वर तापलेला असतो. मग मासा खाली जातो, साधारण १५ ते २५ फुटांवर जिथे गरम थर संपून पाणी एकदम गार होतं तिथे, नाहीतर तळातून झरा फुटतो तिथे गोळा होतो. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोडा, दर पाच फुटांवर दोन मिनिटं थांबवून पटकन वर ओढून वाचा, कुठल्या खोलीवर पारा धपकन उतरतो ते कळलं की अर्धं काम झालं. फक्त अगदी तळाला गळ टेकवू नका, या दिवसांत काही तळ्यांत तळाशी ऑक्सिजनच उरलेला नसतो.

वल्हं_आणि_गळ
वरच्यांशी सहमत. काय लावायचं तर तिथली जुनी पद्धत म्हणजे लेक क्लिअर वॅबलर. हा पितळी किंवा चंदेरी चमचा असतो, त्याला स्वतःचा गळ नसतो, त्याच्या मागे दीड फुटाची बारीक दोरी, तिच्या टोकाला छोटा गळ आणि गळावर गांडूळ. वर थोडं वजन लावायचं आणि कनू अगदी हळू वल्हवायची, इतकी हळू की चमचा गोल फिरता कामा नये, नुसता डावी-उजवीकडे डुलला पाहिजे. हातात रॉड धरलात तर तो डुलण्याचा ठोका बोटांना कळतो, ठोका बंद झाला म्हणजे गवत अडकलं किंवा मासा लागला. पहाटे उजाडायच्या आत पाण्यात असा, दुपारी मुलांना पोहू द्या.
वजन शिशाचं घेऊ नका हां, लून पक्षी ते गिळतात आणि विषबाधेने मरतात, न्यूयॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायलाच बंदी आहे. कथलाची मिळतात.

अपस्टेट_ताई
लायसन्स विसरू नका, १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतं आणि न्यू जर्सीवाल्यांना नॉन-रेसिडेंटचं (राज्याबाहेरच्यांचं), एक दिवसाचं आणि सात दिवसांचंही मिळतं. कनू आहे तर सेंट रेजिस कनू एरिया बघा, मोटरबोटींना बंदी आहे, एका तळ्यातून दुसऱ्यात कनू खांद्यावर घेऊन जायचं. पण सुरुवातीला जे लिटल क्लिअर पाँड लागतं तिथे मासेमारी पूर्ण बंद आहे, सरकारी हॅचरीचे (मत्स्यबीज केंद्राचे) सॅमन तिथे ठेवलेत. आणि जिवंत छोटे मासे आमिष म्हणून कुठेही नेऊ नका, बहुतेक ट्राउट तळ्यांत बंदीच आहे. कोणीतरी बादलीतले उरलेले मासे ओतले आणि पर्च नावाचे दुसरे मासे वाढून ट्राउट संपले अशी कितीतरी तळी आहेत तिकडे. आधीच अ‍ॅसिड रेनने तिथली अनेक तळी मासे नसलेली करून टाकली होती, १९९० च्या क्लीन एअर कायद्यातल्या सुधारणांनंतर कुठे हळूहळू पाणी सुधारतंय, त्यामुळे हे मनापासून सांगतेय.

मालवणी_जर्सीकर
खूप आभार सगळ्यांचे, थर्मामीटर आणि वॅबलर दोन्ही ऑर्डर केले. ताई गांडुळावरच भागवतो. एक विचारायचं होतं, मुलांना फोटो काढून मासे परत सोडायचेत, चालेल ना?

थंड_पाणी
त्या आठवड्यात नका करू प्लीज. गार थरातून ओढून आणलेला मासा वरच्या कोमट पाण्यात दमतो, सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो पण बऱ्याचदा नंतर मरतो. त्यापेक्षा खाण्यापुरते दोन-चार धरा, त्या तळ्यात दिवसाला किती मासे धरता येतात ती लिमिट आधी बघून घ्या, आणि गळ गुंडाळून ठेवा. सोडायचेच असतील तर सप्टेंबरच्या शेवटी परत या, सीझन १५ ऑक्टोबरपर्यंत असतो, पाणी निवतं, मासे काठाजवळ येतात आणि विणीच्या आधी नराचं पोट असं केशरी होतं की बघत राहावं. पाठीवर फिकट नागमोडी रेघा आणि खालच्या परांना पांढरी कड दिसली की ब्रुक ट्राउट समजा.

वल्हं_आणि_गळ
+१. आणि खवले काढायच्या भानगडीत पडू नका, फार बारीक असतात. पोट साफ करून मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तव्यावर, मोठा असेल तर दोन्ही बाजूंनी चिरा द्या.